माफ झालेला

१९ मे

रोदान्थी,

बाबांची अजून माती झालेली नाही.

पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. तेरा वर्षांनी पत्र लिहायला बसल्यावर आधी 'कशी आहेस, तिकडची हवा काय म्हणते' असलं काही लिहिलं असतं, तर तू तिथंच कागद दुमडून ठेवला असतास. फोन तू उचलत नाहीस. पत्ता औषधाच्या दुकानातल्या कालिरोईनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. तुझी मैत्रीण देतच नव्हती. मी तीन दिवस तिच्या दुकानात जाऊन नुसता उभा राहिलो, तेव्हा गिऱ्हाइकं घाबरायला लागली म्हणून दिला.

शनिवारी सकाळी कबर उघडली. खरं तर हाडं काढायला ती तीन वर्षांनीच उघडायची असते, पण नगरपालिकेत हातापाया पडून मी आणखी एक वर्ष मागून घेतलं होतं. का, ते विचारू नकोस. वाटलं होतं, तोवर तू येशील.

तुला आजोबांच्या वेळचं आठवतं? आपण दोघं परातीपाशी बसलो होतो, आणि एव्हान्थिया आत्या लाल वाइननं एकेक हाड धूत होती. 'बघा कसं सोन्यासारखं पिवळं! चांगला माणूस होता,' असं म्हणत ती प्रत्येक हाड उन्हात धरून दाखवायची. यंदाही ती सगळं घेऊन आली होती: दोन बाटल्या वाइन, परात, कोरा टॉवेल, आणि बाबांचं नाव रंगवलेली पत्र्याची पेटी. नावातलं एक अक्षर, 'रो', रंगाऱ्यानं खाल्लं होतं, त्यावरून वाटेत आमचं भांडणही झालं. मास्तरांच्या पेटीवर शुद्धलेखनाची चूक, म्हणजे काय बोलायचं!

थिमिओस खणत होता. मग थांबला, वर आला आणि त्यानं टोपी काढली. म्हणाला, "आर्गिरिस, झाकू या परत."

मी वाकून पाहिलं. जे पाहिलं ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की करडा कोट अजून कोटच होता आणि त्याची तिन्ही बटणं लावलेली होती. ती मीच लावली होती.

आत्या शेजारच्या संगमरवरावर मटकन बसली. पाद्री अनेस्टिस यांनी छातीवर क्रूस काढला आणि अशा वेळी जे विचारतात ते विचारलं, "कुणाच्या मनात काही राहिलंय का यांच्याबद्दल?"  सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात तुझं नाव होतं. शेवटी आत्याच म्हणाली, "तिला लिही."

लहानपणापासून आपण हेच ऐकत आलोय, की ज्याला कुणी माफ केलेलं नाही त्याला माती पोटात घेत नाही. म्हणून तर गेलेल्या माणसाचं नाव घेताना आधी 'सिंखोरेमेनोस' म्हणायचं. माफ झालेला. कालिरोईची आई तर 'माफ झालेल्या नवऱ्याचा रक्तदाब' असं एका दमात म्हणते. रोज शंभर वेळा म्हणतो, आणि आपण काय म्हणतोय ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला लांबलचक काही नको. एका चिठ्ठीवर एवढंच लिही: माझे माफ झालेले वडील. खाली सही कर. पाद्रीबाबा ती कबरीवर वाचतील, आणि दोन वर्षांनी आम्ही पुन्हा उघडून बघू.

मी स्वतः हे मानतो का? मी पडलो नळजोडणीवाला. पण ती बटणं पाहिल्यापासून मला माझ्या शर्टाची बटणं लावताना हात थांबवावा लागतो.

आर्गिरिस


७ जून

रोदान्थी,

पालथ्या घड्यावर पाणी. पण पाणी हा माझा धंदाच आहे, तेव्हा पुन्हा घालतो.

सध्या शाळेतले हिटर उघडून बसलोय. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी हिटरमधली हवा काढतोय. थंडीत सगळ्यांना एकाच दिवशी आठवण होते, म्हणून आत्ताच. आत हवा अडकली की पाणी फिरत नाही, नुसतं लोखंड उरतं, कितीही गरम पाणी सोडा. किल्ली अर्धी फिरवली की 'फुस्स' होतं आणि थोड्या वेळानं ते तापायला लागतं. आपल्या भाषेत भिंतीवरच्या हिटरलाही 'सोमा' म्हणतात, म्हणजे शरीरच, याची बाबांना फार गंमत वाटायची. पाहुणे आले की सांगायचे, "आमच्या घरात कामं वाटून घेतलीयत. मुलगा शरीरं दुरुस्त करतो, मी आत्मे." पाहुणे हसायचे. मीही हसायचो.

नाटक यंदाही आहे, ऑगस्टात, त्याच दगडी पायऱ्यांवर. बसवतोय मी. हसू नकोस. दुसरं कुणी उरलेलंच नाही. मोठ्या शहरांतले लोक या नाटकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचं, तलवार नाही, युद्ध नाही, एक मेलेला राजा नदीकाठी ताटकळत उभा. तू ते आतून-बाहेरून ओळखतेस. तरी लिहितो, कारण इतकी वर्षं बोलून बोलून गुळगुळीत झालेलं मला आता कुठं टोचायला लागलंय.

नावाडी राजाला पलीकडे न्यायला तयार नाही, कारण त्याच्या मुलीनं कबरीत तीन मुठी माती द्यायची होती आणि तिनं दोनच दिल्या. तिसरी तिच्या हातात आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्या दोन रांगा करून वाद घालतात. पहिली रांग म्हणते, माणूस म्हणजे माती, पाणी, श्वास आणि ऊब. मेला की ज्याचं त्याच्या घरी जातं, माती मातीत, श्वास वाऱ्यात. मग मागं उरलाच कोण, नदीकाठी उभं राहायला? दुसरी रांग म्हणते, काहीतरी उरतं. त्याला वजन नसतं, पण छातीवर बसतं.

मी वीस वर्षं पहिल्या रांगेत उभा राहिलो. एकदा तालमीत बाबांनी सगळ्यांना थांबवलं.

"आर्गिरिस, तू जे म्हणतोयस ते तुला पटतं का?"

"पटतं."

"मग इतक्या मोठ्यानं कशाला ओरडतोस? पटलेला माणूस हळू बोलतो."

सगळा कोरस खिदळला. त्यात तूही होतीस.

बरं, आता त्या वर्षाचं. आपण दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही, म्हणून मीच बोलतो. आईला मंगळवारी माती दिली आणि शनिवारी प्रयोग होता. तू आईच्या शवपेटीपाशी वाकून हुंदके देत होतीस. बाबा तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळं रडू आत्ताच संपवू नकोस, शनिवारी लागेल." तुला वाटत असेल की ते तू एकटीनंच ऐकलं. मीही ऐकलं होतं. मी तुझ्या डाव्या हाताला होतो, आणि मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

शनिवारी, तू राजाची मुलगी होतीस, आणि तिसऱ्या मुठीची वेळ आली. बाबा त्या पांढऱ्या झग्यात, राजाचा आत्मा होऊन समोर उभे. तू मूठ उघडलीच नाहीस. पायऱ्या चढून, लोकांच्या मधून वाट काढत, नाटकातल्याच कपड्यांत वर गेलीस आणि पलीकडे उतरलीस. म्हाताऱ्या आपल्या ओळीची वाट बघत राहिल्या. बाबा तसेच उभे राहिले. आणि लोकांनी, देवा रे, लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं नाटक असंच आहे. आजही एखादा म्हातारा मला विचारतो, "तो जुना शेवट आता का नाही करत रे?"

बाबांचं चुकलं. मी त्यांची वकिली करत नाहीये. पण त्यानंतरची नऊ वर्षं या घरात आम्ही दोघंच होतो, आणि शेवटची तीन त्यांचं डावं अंग गेलेलं होतं. दर चार तासांनी कुशीवर वळवायचं, दाढी करायची, सूप भरवायचं. उपकार म्हणून सांगत नाही. कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

शेवटी त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. त्यामुळे ते तुझ्यावर रागावून गेले असंही नाही. तू मनात काही ठेवू नकोस.

चिठ्ठी पाठव.

आर्गिरिस


२९ जून

रोदान्थी,

तुझं कार्ड मिळालं. रॉटरडॅमचा पूल छान आहे. पाऊस आणि लोखंड, माझ्या धंद्याला बरं गाव दिसतंय.

ते मी स्वयंपाकघराच्या फळीला टेकवून ठेवलंय. येता-जाता वाचतो. 'तुला एकट्याला ते बघावं लागलं, याचं वाईट वाटलं,' हे वाचून मला खुर्चीत बसावं लागलं. तू मला 'तुला' म्हणून काही लिहिशील, असं वाटलं नव्हतं.

पण पुढचं तू लिहितेस: 'माझा राग कधीच विरला. तरी तो शब्द मी लिहिणार नाही. ते गेल्याचं मला कालिरोईच्या आईकडून कळलं, पुरल्यावर अकरा दिवसांनी. त्यांना मी हवी असते तर कुणीतरी फोन केला असता. ज्यांना माझी माफी नकोच होती, त्यांना ती टपालानं कशी पाठवू?'

आत्याला वाचून दाखवलं, तर ती भडकली. "मोठी आली नाकानं कांदे सोलणारी! बाप मातीत भिजतोय आणि हिला आमंत्रण पाहिजे!" मी तुझी बाजू घेतली, हे तुला कळावं म्हणून सांगतो. म्हणालो, "तिचं म्हणणं अगदीच चूक नाही." आत्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

फोनचं म्हणशील तर फेब्रुवारी होता, घाटातला रस्ता बंद होता, डॉक्टर, पाद्री, कागदपत्रं, मी एकटा. राहून गेलं. माणसाकडून राहून जातं.

तर तुझ्या या कार्डानंतर मी थिमिओसकडे गेलो. म्हटलं, चाळीस वर्षं कबरी खणणारा माणूस, त्याला तरी काही माहीत असेल. तो सावलीत बसून काकडी खात होता.

"माफी-बिफी काही नसतं रे," तो म्हणाला. "चिकण माती आणि खाली पाणी. पाण्यात मांसाचा साबण होतो. हल्ली तिनांतला एक असाच निघतो. आणि माणसं मरताना औषधं इतकी खाऊन मरतात, की किड्यांनासुद्धा पथ्य पाळावं लागतं."

"मग पाद्रीबाबांना हे सांगत का नाहीस?"

"त्यांचं दुकान त्यांना, माझं मला."

"पण आपल्या टेकडीवर पाणी कुठून येणार?"

त्यानं काकडी चावायची थांबवली. "आणि हे तू मला विचारतोस?"

रोदान्थी, फुलांना पाणी घालायला तिथं जो नळ आहे, त्याची पाइप मी टाकली होती. बाबा जायच्या आदल्या वर्षी. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सरूच्या झाडामागं स्वतः खणलं. पाइपचा सांधा ठिबकत होता. एका मिनिटाला सात थेंब, मी मोजले. तेव्हा घाईत जोडला होता, कारण घरी बाबांना वळवायची वेळ झाली होती. तो सांधा त्यांच्या कबरीपासून जेमतेम चार पावलांवर आहे.

म्हणजे बाबांना चार वर्षं मी भिजत ठेवलं! तिथंच चिखलात बसून मी इतका हसलो, की मेणबत्ती लावायला आलेली एक बाई लांबूनच परत फिरली. सांधा बदलला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतोय.

पहिली रांग जिंकली, म्हणायचं. माती आणि पाणी, बस. तुझ्या चिठ्ठीची आता गरजच नाही.

तरी पाठव.

आर्गिरिस


२१ जुलै

रोदान्थी,

हे पत्र रागात लिहितोय, तेव्हा अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

रविवारी कबरीवर माफीची प्रार्थना झाली. आत्यानं गहू उकडले, वर साखरेचा थर देऊन चांदीच्या गोळ्यांनी क्रूस काढला. सगळे नातेवाईक आले. एकेकानं पुढं होऊन मूठभर माती टाकायची आणि म्हणायचं, 'माफ असो.' चुलत्यांनी म्हटलं, ज्यांना बाबांनी एका लिंबाच्या झाडावरून कोर्टात खेचलं होतं. कालिरोईच्या आईनं म्हटलं, जिला त्यांनी चारचौघांत 'अडाणी' म्हटलं होतं. सगळं छान झालं.

नंतर आत्याच्या स्वयंपाकघरात बसलो. तिनं कॉफी चढवली आणि पाठ न वळवता म्हणाली, "तू काय म्हणालास तिथं?"

"सगळे म्हणाले तेच."

"नाही. तू 'आमेन' म्हणालास."

"एकच ते."

"एक कसं? मी काही बहिरी नाही. चार वर्षं झाली, तुझ्या तोंडून 'माफ झालेले' असं एकदाही आलेलं नाही. 'बाबा' म्हणतोस, 'म्हातारा' म्हणतोस, 'मास्तर' म्हणतोस."

"मला सवय नाही ती."

"कालिरोईचा कुत्रा गाडीखाली आला, तेव्हा तू त्याला 'माफ झालेला' म्हणालास. दुकानात. मी खोकल्याचं औषध घ्यायला आले होते."

कॉफी उतू गेली. मी म्हटलं, ज्यानं तीन वर्षं हगणं-मुतणं काढलं त्यालाच तुम्ही आता विचारणार का? जी एकदाही फिरकली नाही तिला विचारा. आत्या म्हणाली, "तिनं लिहिलंय ना, राग विरला म्हणून. मी तिला ओळखते, ती खोटं लिहायची नाही. मी तुला विचारतेय." मी टोपी उचलली आणि निघालो. ती मागून ओरडली, "चोराच्या मनात चांदणं!"

घरी येऊन तुला हे लिहितोय. माझी आधीची पत्रं तुझ्याकडे असतील, तर बघ. मी तुला तो शब्द लिहायला सांगितला, समजावून सांगितला, कुत्र्याच्या बाबतीतही वापरला. बाबांच्या नावाआधी मी तो कुठं लिहिलाय का, बघ. मला आठवत नाही.

आर्गिरिस


४ ऑगस्ट

रोदान्थी,

प्रयोगाला दहा दिवस राहिले. राजाचा आत्मा यंदा मीच आहे. झगा बाबांचाच, खाली चार बोटं लांब होतो, आत्यानं टाके घातले. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण टाके घातले.

मुलीचं काम कालिरोईची मुलगी मिर्तो करते. पोरगी हुशार आहे, च्युइंगम तेवढं थुंकायला सांगावं लागतं. काल संध्याकाळच्या तालमीत ती जागा आली. ती दोन मुठी टाकते, तिसरी धरून ठेवते आणि विचारते, 'तुला अंगच उरलं नाही, मग दुखतं कुठं?'

तू हे विचारायचीस, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. मिर्तो अगदी साधं विचारते, डॉक्टर विचारतात तसं. आणि मला पुढची ओळ आठवेना. वीस वर्षं ऐकलेली ओळ! ती थांबली. मग हळूच म्हणाली, "काका, तुमचं आहे." मी म्हटलं, "माहितीये."  मी त्या दगडावर बसलो आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मिर्तो पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेली.

आता खरं लिहितो. तुला मी खोटं लिहिलं होतं, जूनमध्ये. बाबांनी शेवटी नाव घेतलं होतं. तुझंच घेतलं होतं, आणि तीन दिवस घेत होते.

जीभ जड झाली होती, पूर्ण शब्द येत नव्हता. 'रोदी, रोदी' म्हणायचे, लहानपणी तुला म्हणायचे तसं. मला पहिल्याच वेळी कळलं. आणि मी काय केलं, सांगू? मी कोठीत गेलो, हिवाळ्याचं उरलेलं शेवटचं डाळिंब आणलं, सुरकुतलेलं, आणि त्यांच्यासमोर बसून सोललं. रोदी म्हणजे डाळिंब, नाही का? मला कसं कळणार त्यांना काय हवंय! दाणे वाटीत काढले आणि चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. तरी त्यांनी तोंड उघडलं आणि ते दाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबू घालून सूप भरवत होतो. त्यांनी चमचा उजव्या हातानं बाजूला सारला. कुठून जोर आणला कोण जाणे, पण शब्द न् शब्द नीट आला. म्हणाले, "रोदान्थीला फोन लाव. मला तिची माफी मागायचीय. तू मागायची नाहीस, मीच मागणार. तिचा आवाज आला की फोन माझ्या कानाला लाव आणि तू बाहेर जा."

मी म्हटलं, "बरं, बाबा."

तुझा नंबर होता माझ्याकडे. कालिरोईच्या आईनं वर्षापूर्वीच दिला होता. मी अंगणात गेलो. सगळे आकडे दाबले, एक सोडून. रस्ता बंद नव्हता, रोदान्थी. डॉक्टर नव्हते, कागदपत्रं नव्हती, कसलीच घाई नव्हती. ऊन पडलं होतं. मी फोन हातात धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: नऊ वर्षं मी. पाठीला मलम मी, नखं मी, चादरी मी. आणि तू एकदा मूठ आवळून निघून गेलीस, तर तुला माफी, आणि मला, 'बाहेर जा'.

एकदा नुसतं 'आर्गिरिस' म्हणाले असते. पुढं काही नको होतं.

मी आत गेलो आणि म्हणालो, "लागत नाहीये. उद्या लावू." त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तेव्हा ते गेलेले होते.

म्हणून कबर उघडली त्या शनिवारी पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाच्या मनात राहिलंय, तेव्हा मी गप्प बसलो. सगळ्यांना तुझं नाव आठवलं, आणि मी ते आठवू दिलं. मग तुला पत्रं लिहायला लागलो, जणू गाठ तुझ्याकडं होती. थिमिओसच्या बाजूनं बघ, तर पाणी माझं. पाद्रीबाबांच्या बाजूनं बघ, तर अढी माझी. कुठूनही खणलं तरी मीच निघतो. इतकी वर्षं मी रांगेत उभा राहून ओरडलो, की माणूस गेला की मागं काही उरत नाही. उरतं. मी ते चार वर्षं खिशात घेऊन फिरतोय, आणि त्याला काडीचं वजन नाही, आणि मला जिने चढवत नाहीत.

आज सकाळी कबरीवर गेलो होतो. तो शब्द म्हणून पाहिला. अर्ध्यावर थांबलो. तुझी वस्तू तुला पोचवल्याशिवाय तो माझ्या तोंडून येणार नाही, हे मला तिथं कळलं. म्हणून हे पत्र. उद्या पहिल्या टपालानं जाईल.

तुझ्या चिठ्ठीत काय लिहायचं ते आता तू ठरव. नाही लिहिलंस तरी मी मागणार नाही. पण एवढं धरून ठेव: तू हवी होतीस त्यांना. फोन लावायला सांगितला होता. मी लावला नाही.

माझी खूप इच्छा आहे, की तू ये. तुझी खोली मी कधी बदलली नाही, नुसता हिटर नवा बसवलाय. पण यायला सांगायचा हक्क मला आहे की नाही, ते मला माहीत नाही. तेव्हा तेही सोड. राग कर माझ्यावर. पत्रातून नको, तोंडानं कर, शिव्या दे, ओरड. बाबांना ते मिळालं नाही. मी अजून जिवंत आहे, माझा नंबर तोच आहे, आणि मी दिवसभर फोन खिशात ठेवतो.

तुझा भाऊ,
आर्गिरिस